घरजावयांच्या देशात

मराठीत 'घरजावई' हा शब्द बहुधा टोमणा म्हणूनच येतो. ज्याला स्वतःचं छप्पर नाही, जो सासऱ्याच्या जिवावर जेवतो, ज्याला मेहुण्यासमोर मान खाली घालावी लागते, तो घरजावई. लाओसच्या सखल भागात, मेकाँग नदीकाठच्या भातखाचरांच्या गावांत, लग्न झालेला जवळजवळ प्रत्येक पुरुष निदान काही वर्षं तरी घरजावई असतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मुलगा 'खा दोंग' म्हणजे वधूमूल्य घेऊन मुलीच्या घरी येतो, तिथेच राहतो, सासऱ्याच्या शेतात राबतो. पुढे धाकट्या मेहुणीचं लग्न ठरलं की मोठी जोडपी जवळपास घर बांधून वेगळी होतात. सगळ्यांत धाकटी मुलगी मात्र जागची हलत नाही. लाकडी खांबांवर उभं असलेलं आईबापांचं घर शेवटी तिचं होतं. 'नांदायला जाणं' तिथे पुरुषाच्या वाट्याला येतं. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत सासूबद्दल जे जे म्हटलंय, ते तिथे गायचंच झालं तर जावयानं गायला हवं.

एवढं ऐकलं की आपल्याकडचा माणूस लगेच म्हणतो, म्हणजे बायकांचं राज्यच की! तसं नाही. आणि तसं का नाही, हे जरा खोलात जाऊन पाहण्यासारखं आहे. लाओस हा क्षेत्रफळानं महाराष्ट्राच्या पाऊणपट आणि लोकसंख्येनं मुंबईहून लहान, असा पंचाहत्तर लाखांचा देश. १९७५ पासून तिथे एकाच पक्षाची राजवट आहे. या देशातल्या बाईची गोष्ट आपण आपल्या ओळखीच्या साच्यात ओतायला जातो: परंपरेनं दाबून ठेवलं, मग शिक्षण, कायदा, कारखाना आला आणि तिची सुटका झाली. महाराष्ट्रात हा साचा बऱ्याच अंशी खरा आहे, म्हणून तो सगळीकडे खरा असेल असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं की सखल भागातल्या लाओ बाईच्या हातात जे काही होतं त्यातलं बरंच तिला रिवाजानं दिलेलं होतं, आणि ते निसटायला लागलं सरकारी अर्जावरच्या एका रकान्यात.

आधी रिवाजानं काय दिलं होतं ते बघू. घर तर होतंच. शेतीची वाटणी सगळ्या मुलांत होई, पण मुलगे लग्न करून दुसऱ्या गावी गेले की कसणाऱ्याचा वाटाच खरा ठरे, आणि गावात राहत त्या मुली. घरातल्या पैशांची थैली बाईच्या कमरेला. राजधानी व्हिएन्टिआनच्या तालात साओ या मोठ्या बाजारात किंवा लुआंग प्रबांगच्या सकाळच्या भाजीबाजारात गाळ्यामागे, टोपलीमागे बसलेल्या बहुतेक बायकाच दिसतात. भाव करणं, उधारी लिहून ठेवणं, मालाची गाडी ठरवणं, सगळं त्यांच्याकडे. घराखालच्या मोकळ्या जागेत माग असे. रेशमाचे किडे पाळण्यापासून 'सिन'चा, म्हणजे तिथल्या नेसायच्या वस्त्राचा, काठ विणण्यापर्यंतचं काम आईकडून मुलीकडे जाई. नागाची नक्षी विणण्याच्या त्यांच्या कलेला युनेस्कोनं २०२३ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. हुंडा नाही. मुलगी झाली म्हणून कपाळाला हात लावायची रीत नाही. भाषेतसुद्धा नदीला 'मे नाम' म्हणतात, म्हणजे पाण्याची आई. आपण कृष्णामाई म्हणतो तसंच, फक्त तिथे कुठल्याही नदीसाठी तोच साधा शब्द आहे.

आता याची दुसरी बाजू. धाकटीला घर मिळतं म्हणजे आईबापांचं म्हातारपणही मिळतं. ते फुकटचं दान नसतं. बौद्ध गावात मुलगा आईच्या दुधाचं ऋण फेडतो तो काही काळ चीवर घालून. एका वर्षावासापुरता, तीन महिने विहारात राहिला तरी त्याचं पुण्य आईला पोचतं आणि गाव त्याला 'पिकलेला', म्हणजे परिपक्व, माणूस समजतं. मुलीला भिक्षू होता येत नाही. फार तर पांढरी वस्त्रं नेसून 'मे खाओ' व्हायचं, आणि तिला भिक्षूचा मान नाही. म्हणजे मुलाचं ऋण तीन महिन्यांत फिटतं आणि मुलीचं जन्मभर चालू राहतं: रांधण्यात, शुश्रूषेत आणि आता परगावाहून पाठवलेल्या पैशांत. लुआंग प्रबांगला पहाटे भिक्षूंची रांग निघते, तिचे फोटो आपले पर्यटकही हौसेनं काढतात. त्या फोटोंत जरा नीट बघावं. रिवाजाप्रमाणे चिकट भात वाढणाऱ्या बायका गुडघ्यांवर बसलेल्या असतात आणि पुरुष उभे असतात. भात पहाटे उठून कुणी शिजवला हे फोटोत येत नाही.

आणि ती प्रसिद्ध म्हण आहेच: नवरा हत्तीचे पुढचे पाय, बायको मागचे. ज्या देशाच्या जुन्या राज्याचं नावच 'लान सांग', म्हणजे दहा लाख हत्ती, असं होतं तिथे ही म्हण हलक्यात घेता येत नाही. घर तिचं, थैली तिची. पण गावासमोर घराच्या वतीनं बोलणारा तो. जोवर घर, शेत आणि बाजार एवढंच जग होतं तोवर या विभागणीत बाई फारशी तोट्यात नव्हती. पुढचे पाय पुढे असले तरी ते कुठे जाणार हे बऱ्याचदा मागून ठरत होतं.

घोटाळा झाला तो सरकार दारात आल्यावर. कारण सरकार घराशी बोलायला येतं तेव्हा ते पुढच्या पायांशीच बोलतं.

१९९७ साली लाओसात जमिनीचा कायदा आला आणि त्याच सुमारास जागतिक बँकेच्या व ऑस्ट्रेलियाच्या मदतीनं जमिनींचे पट्टे देण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. हेतू चांगला होता. मालकी कागदावर आली की कर्ज मिळेल, तंटे मिटतील, जमिनीला भाव येईल. अधिकारी गावात येत, मोजणी करत, अर्ज भरत. अर्जात मालकाच्या नावासाठी जागा एक, आणि नाव सांगायला उभा राहणार घराचा कर्ता. बैठकीला बोलावणंही त्यालाच. बायका त्या वेळी पाहुण्यांच्या जेवणाच्या तयारीत. त्यातून व्हायचं असं की घर बायकोच्या आईचं, शेत बायकोच्या बापानं तोडलेल्या जंगलातलं, राहायला आलेला तो, आणि पट्ट्यावर नाव त्याचं. यात कुणी लबाडी करत होतं असं मुळीच नाही. नवऱ्यालाही त्यात गैर वाटलं नसेल, कदाचित बायकोलाही नाही. गावात सगळ्यांना ठाऊकच होतं शेत कुणाचं ते. पण कागदाला गाव ठाऊक नसतं. घटस्फोट झाला, नवरा वारला, बँकेत तारण ठेवायची वेळ आली, धरणासाठी किंवा चीनहून येणाऱ्या रेल्वेसाठी जमीन गेली, की गावाची आठवण बाजूला पडते आणि पट्ट्यावरचं नाव बोलतं.

इथे आपली आठवण येणं अपरिहार्य आहे, कारण आपल्याकडे नेमकं उलटं घडलं. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः वाटा दिला, देशाच्या कायद्याच्याही अकरा वर्षं आधी. कागद बाईच्या बाजूनं उभा राहिला. मग रिवाजानं काय केलं? हक्कसोडपत्र आणलं. भाऊबीजेच्या ओवाळणीत भावाला सही घातली की माहेरचा उंबरा शाबूत राहतो, हे न सांगता सगळ्या बहिणींना समजतं. आपल्याकडे कायद्यानं दिलं आणि रीतीनं काढून घेतलं. लाओसात रीतीनं दिलं होतं आणि कागदानं काढून घेतलं. म्हणून 'मुलींना हक्क द्या' ही आपली घोषणा तिथे नेऊन चालणार नाही. हक्क होता. तो लिहिताना गळला.

ही चूक बऱ्याच प्रमाणात दुरुस्त झाली, आणि ती कुणी केली हे सांगितलं पाहिजे. लाओ महिला संघ ही संघटना १९५५ च्या जुलैत क्रांतीच्या चळवळीत जन्मली. ती पक्षाची संघटना आहे, देशाच्या संविधानात तिचा उल्लेख आहे आणि गावोगाव तिची शाखा आहे. तिच्या कार्यकर्त्या मोजणीच्या पथकांबरोबर जाऊ लागल्या, बायकांच्या वेगळ्या बैठका घेऊ लागल्या, 'हे शेत कुणाच्या आईबापांकडून आलं?' असं विचारू लागल्या. प्रश्न एवढाच, पण तो आधी कुणी विचारला नव्हता. २००३ च्या जमीन कायद्यात तर स्पष्टच आलं की जमीन नवरा-बायकोची सामाईक असेल तर पट्ट्यावर दोघांची नावं हवीत. प्रकल्पात दिलेल्या पट्ट्यांचा हिशेब झाला तेव्हा एकट्या बाईच्या नावाचे आणि जोडीच्या नावाचे मिळून निम्म्याहून अधिक निघाले. शेजारच्या बऱ्याच देशांना हे साधलेलं नाही. आपल्या सातबाऱ्यावर तर बघायलाच नको.

एवढी ताकद असलेली संघटना मग बाकीच्या गोष्टी का करू शकत नाही? माझ्या मते तिच्या ताकदीचं कारण आणि तिच्या लंगडेपणाचं कारण एकच आहे: ती पक्षाच्या आत आहे. पक्षाला पटेल तेवढं ती झपाट्यानं करते. लसीकरण, पाळणा लांबवणं, बचत गट, शाळागळती, यांत तिचा हात मोठा आहे. १९९० च्या सुमारास लाखामागे नऊशेच्या घरात असलेले बाळंतपणातले मृत्यू २०२० पर्यंत सव्वाशेपर्यंत उतरले, त्यात गावातल्या या कार्यकर्त्यांचा वाटा आहेच. पण त्याच संघानं बायकांसमोर 'तीन चांगुलपणां'चा आदर्श ठेवला आहे: चांगली नागरिक, विकासात चांगली, आणि सुखी व सुसंस्कृत कुटुंब घडवणारी. तिसऱ्या चांगुलपणाचं ओझं नवऱ्याला का नाही, हे विचारायची सोय नाही. सरकारी कचेरीत आणि शाळेत बाईनं सिन नेसायचं, पुरुषानं पँट घातली तरी चालतं. संस्कृती सांभाळायची ती बायकांच्या कमरेवर. मला सिन फार सुंदर वाटतं, पण सुंदर आहे म्हणून सक्ती पचत नाही.

आणि पक्षाच्या बाहेर राहून बोललं तर काय होतं? २०१९ च्या पावसाळ्यात दक्षिण लाओसात पूर आला. मुआय या नावानं ओळखल्या जाणाऱ्या हुआयहुआंग सायाबुली या तरुण आईनं सरकारी मदत उशिरा येते आहे असं फेसबुकवरून थेट बोलून दाखवलं. तिला पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि ती भोगूनच ती २०२४ मध्ये सुटली. ती काही 'महिलांच्या प्रश्नां'वर बोलत नव्हती. रस्त्याचा टोल, धरण, पूर, मदत यांबद्दल बोलत होती. म्हणजे गावासमोर घराच्या वतीनं बोलण्याचं ते पुढच्या पायांचं काम ती करत होती. लाओसातल्या बाईच्या स्थानाबद्दल कुणी मला विचारलं तर संसदेतल्या टक्केवारीआधी मी ही गोष्ट सांगेन.

टक्केवारीही सांगायला हवी. पानी याथोतू या हमोंग या डोंगरी जमातीतल्या बाई २००६ मध्ये पक्षाच्या सर्वोच्च मंडळात गेल्या, तिथे पोचलेल्या पहिल्या स्त्री. २०१० पासून दहा-अकरा वर्षं त्या राष्ट्रीय सभेच्या अध्यक्ष होत्या आणि २०२१ मध्ये देशाच्या उपाध्यक्ष झाल्या. २०१६ च्या सभेत २७ टक्क्यांहून अधिक बायका होत्या. त्या काळात आपल्या लोकसभेत बारा टक्केही नव्हत्या. मात्र 'नाय बान'पर्यंत, म्हणजे गावच्या प्रमुखापर्यंत, खाली उतरलं तर चित्रच पालटतं. देशात साडेआठ हजारांच्या आसपास गावं. बायका गावप्रमुख असलेली शंभरात दोन-तीन. घुमट आहे, खांब नाहीत. आपल्याकडे याच्या उलट, गावात निम्म्या जागा राखीव आणि त्यांतल्या कितीतरी सरपंचबाईंच्या मागे सरपंचपती. कुठलं बरं, हे ठरवणं सोपं नाही, पण 'सरपंचपती' म्हणायला आधी बाई सरपंच तरी लागते.

गावप्रमुखाचं पद का महत्त्वाचं? कारण बाईचे बहुतेक तंटे तिथेच मिटतात किंवा मिटवले जातात. मारहाण, सोडचिठ्ठी, पोटगी हे आधी गावच्या मध्यस्थ मंडळाकडे जातं, आणि त्यात ज्येष्ठ पुरुष जास्त. महिला संघाची गावातली अध्यक्ष ही बहुधा तिथली एकटीच बाई. त्यातच 'खटलामुक्त गाव' अशी सरकारी मान्यता मिळवायची असते. आपल्या तंटामुक्त गाव मोहिमेची ज्यांना माहिती आहे त्यांना पुढचं सांगायला नको. गावाचं नाव राहावं म्हणून कुणाला तरी गप्प बसवलं जातं, आणि ती बहुधा सासरी राहायला आलेली किंवा गरिबाची बाई असते. २०१४ च्या राष्ट्रीय पाहणीत लग्न झालेल्या किंवा जोडीदाराबरोबर राहिलेल्या सातांतल्या एकीनं जोडीदाराच्या शारीरिक किंवा लैंगिक हिंसेबद्दल सांगितलं. हा आकडा शेजाऱ्यांच्या मानानं कमी आहे. बाई माहेरीच राहते, ओरडली तर आई-बहिणी धावतात, याचा त्यात वाटा असावा असा माझा अंदाज आहे. घरजावयाला हात उचलण्याआधी सासऱ्याकडे बघावं लागतं. पण आईपासून दूर, शहरातल्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या जोडप्यांची संख्या वाढत चालली की हे कवच राहणार नाही.

आणि ती संख्या वाढते आहे. १९९० च्या दशकापासून व्हिएन्टिआनच्या आसपास कपडे शिवण्याचे कारखाने आले, त्यांतल्या कामगारांत पाचांतल्या चार मुली, खेड्यांतून आलेल्या. त्याहून कितीतरी जास्त मुली मेकाँग ओलांडून थायलंडला जातात. भाषा जवळची, लहानपणापासून थाई टीव्ही बघितलेला, त्यामुळे बँकॉकमधल्या घरकामात, खानावळीत, दुकानात त्या चटकन रुळतात. त्यातच किप हे लाओसचं चलन घसरलं: २०२१ च्या मध्याला डॉलरला साडेनऊ हजार किप पडत होते, दोन वर्षांत वीस हजार पडायला लागले. २०२३ च्या सुरुवातीला महागाई चाळीस टक्क्यांवर गेली. २०२४ च्या ऑक्टोबरात किमान पगार पंचवीस लाख किप झाला. लाखांत ऐकायला बरं वाटतं, पण डॉलरमध्ये महिन्याचे सव्वाशेही भरत नव्हते. अशा वेळी गावात कोण थांबणार? धाकटीचं घर आता सिमेंटचं झालं आहे, तिच्याच पैशांनी. त्यात राहतात तिची आई आणि तिची मुलं, आणि ती स्वतः नदीपलीकडे दुसऱ्याच्या आईचं म्हातारपण सांभाळते. कर्ज फेडायचं ते दुधाचंच, पण आता फेड थायलंडच्या चलनात, बाथमध्ये.

याला कुणी स्वातंत्र्य म्हणेल, कुणी ससेहोलपट. मला दोन्ही शब्द अपुरे वाटतात. स्वतः कमावलेला पैसा हातात घेऊन परत आलेली मुलगी गावच्या बैठकीत पूर्वीसारखी मागे बसत नाही, हे खरं. दलालानं कागदपत्रं काढून घेतलेली, चीनमध्ये 'लग्नासाठी' विकली गेलेली किंवा लाओसच्याच बोकेओ प्रांतातल्या कॅसिनोच्या वसाहतीत अडकलेली मुलगी परतच येत नाही, हेही तितकंच खरं.

आतापर्यंत मी 'लाओ बाई' म्हणत आलो ते अर्ध्याच देशाबद्दल. सरकारी नोंदीत पन्नास जमाती आहेत आणि जातीनं लाओ असलेले लोक निम्म्याहून थोडेच जास्त. डोंगरातल्या हमोंगांत कूळ बापाचं, मुलगी लग्न झाल्यावर नवऱ्याच्या कुळाची होते, इतकी की माहेरच्या घरात तिनं बाळंत होणंही चालत नाही. तिथे घर धाकट्या मुलाला जातं. अखा लोकांतही वंश बापाकडून. देशात वीस-चोवीस वर्षांच्या बायकांपैकी तिघींतल्या एकीचं लग्न अठराच्या आत झालेलं असतं आणि डोंगराकडे हे प्रमाण आणखी वाढतं. २०१५ च्या जनगणनेत बायकांची साक्षरता ऐंशीला टेकली होती, पण तो सपाटीच्या जोरावर निघालेला सरासरीचा आकडा. सपाटीवरच्या रिवाजाचं कौतुक करताना डोंगरातल्या बाईला 'तुझी परंपराही तशीच थोर' असं सांगणं म्हणजे तिची थट्टा.

तिच्यासाठी हिशेब उलटा आहे. तिला रिवाजानं जमीन दिलेलीच नाही. दिली तर ती कागदच देईल. पहिल्या प्रकल्पातले पट्टे बहुतेक शहरांत आणि शहरांलगतच्या सपाटीवर वाटले गेले. डोंगर अजून बराचसा कोरा आहे, आणि रबराच्या नि केळीच्या मळ्यांसाठी जमीन मागणारे तिथे आधीच पोचले आहेत. जो अर्ज सपाटीवर बाईचा हक्क गिळत होता, तोच डोंगरात तिला पहिल्यांदा मालकीण करू शकतो. त्यासाठी अर्जावर नावाच्या दोन ओळी लागतील, अर्ज समजावणारी कार्यकर्ती हमोंग किंवा अखा बोलणारी लागेल, आणि मोजणीची बैठक संध्याकाळी, भात शिजवायच्या वेळी, ठेवून चालणार नाही.